निकाल ठाऊक असलेली झुंज

वेस्टर्न चित्रपट ज्या काळात घडतात तो काळ इतिहासात फार थोडा आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि १८९०च्या जनगणनेनंतर देशात वस्ती आणि मोकळा प्रदेश यांच्यामधली सलग अशी सरहद्द आता उरलेली नाही, असे सरकारी अहवालानेच सांगून टाकले. मधल्या पंचवीस वर्षांत टेक्सासमधून गुरांचे कळप उत्तरेच्या रेल्वे ठाण्यांपर्यंत हाकले गेले. १८६२च्या कायद्याने १६० एकर जमीन मिळू लागलेल्या शेतकऱ्यांनी कुरणांना कुंपणे घातली. १० मे १८६९ रोजी पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून टाकत आणलेले रूळ यूटामध्ये एकमेकांना मिळाले आणि मूळ रहिवासी आपल्याच भूमीवरून हुसकले गेले. या एवढ्याशा काळावर चित्रपटसृष्टीने हजारो चित्रपट काढले. एडविन पोर्टरचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा जेमतेम बारा मिनिटांचा पट १९०३ सालचा. त्यात दरोडा आहे, पाठलाग आहे आणि शेवटची चकमकही आहे. पुढच्या सत्तर वर्षांचा साचा तिथेच पडला होता.

साचा ठरलेला असल्यामुळे वेस्टर्नचा निकाल पहिल्यांदा पाहतानाही बहुधा ठाऊकच असतो. धुळीच्या रस्त्यावर दोन माणसे समोरासमोर आली की त्यांतला कोण पडणार, हे प्रेक्षकाला कळलेले असते. तरीही हे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिले जातात, आणि पाहणारे कंटाळत नाहीत. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील दोन मानसशास्त्रज्ञांनी लघुकथांवर एक प्रयोग केला होता. शेवट आधीच सांगून टाकलेल्या कथा वाचकांना सरासरीने अधिक आवडल्या, असे त्यात आढळले. पुढे काय होणार ही धाकधूक संपली की मन बाकीच्या गोष्टी टिपायला मोकळे होते. वेस्टर्नच्या बाबतीत या मोकळ्या झालेल्या मनाला एक निश्चित दिशा मिळते. पहिल्या वेळी प्रेक्षक जिंकणार कोण हे पाहतो. पुढच्या प्रत्येक वेळी त्या जिंकण्याची किंमत कोणी मोजली, हे त्याला अधिकाधिक दिसू लागते. चांगले वेस्टर्न चित्रपट पहिल्यापासून या दुसऱ्या प्रश्नासाठीच रचलेले असतात.

जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’ (१९३९) हे याचे पहिले मोठे उदाहरण. ऑर्सन वेल्सने ‘सिटिझन केन’ (१९४१) करण्यापूर्वी हा चित्रपट सुमारे चाळीस वेळा पाहिला, असे त्याने स्वतः सांगितले होते. दिग्दर्शनाचे शिक्षण त्याने जणू याच पाठातून घेतले. टोंटोहून लॉर्ड्सबर्गला निघालेल्या घोडागाडीत गावाने हाकललेली डॅलस आहे, दारुडा डॉक्टर आहे, पैसे घेऊन पळालेला बँकवाला आहे आणि तुरुंगातून निसटलेला रिंगो किड आहे. पहिल्या वेळी लक्ष अपाची हल्ल्याकडे आणि धावत्या घोड्यांखाली जाणाऱ्या याकिमा कनट या स्टंटमनच्या धाडसाकडे लागते. नंतर वाटेतल्या मुक्कामाचा जेवणाचा प्रसंग मोठा होत जातो. डॅलसशेजारी बसणे नको म्हणून प्रतिष्ठित मंडळी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकतात, आणि बिचाऱ्या रिंगोला वाटते की ती आपल्यामुळेच उठली. अखेरच्या गोळीबाराच्या वेळी तर फोर्ड कॅमेरा झुंजीवरून काढूनच घेतो. रिंगो जमिनीवर झेप घेत गोळी झाडतो आणि पडद्यावर येते ती आवाज ऐकणारी डॅलस. कोण वाचले हे तिला कळेपर्यंतचे ते क्षण दहाव्यांदा पाहतानाही जड जातात, कारण प्रेक्षकाला माहीत असलेले तिला माहीत नसते.

फ्रेड झिनमनच्या ‘हाय नून’मध्ये (१९५२) घड्याळ हेच मुख्य पात्र आहे. चित्रपटाची लांबी पंचाऐंशी मिनिटांच्या आसपास आणि कथेतला काळही जवळजवळ तेवढाच. बाराच्या गाडीने फ्रँक मिलर सूड घ्यायला येणार आहे. मार्शल विल केन नुकताच लग्नाच्या बंधनात अडकला आहे आणि पद सोडून निघाला आहे, पण तो परत फिरतो. मधला सगळा वेळ तो माणसे जमवण्यासाठी दारोदार हिंडतो. न्यायाधीश भिंतीवरचा झेंडा आणि न्यायाचा तराजू गुंडाळून घोड्यावर टाकतो. चर्चमध्ये चर्चा होते, सगळे मार्शलचे गुण गातात आणि कोणीही उठत नाही. निकाल माहीत झाल्यावर हे नकारच चित्रपटाचा गाभा आहेत हे ध्यानात येते. प्रत्येक नकाराला स्वतःचे पटण्याजोगे कारण आहे, आणि प्रेक्षक वयाने जसा वाढतो तशी ती कारणे त्याला अधिक ओळखीची वाटू लागतात. पटकथाकार कार्ल फोरमन यांना चित्रीकरण चालू असतानाच, १९५१ साली, अमेरिकी संसदेच्या कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले. पुढे त्यांना हॉलिवूडमध्ये काम मिळेना, म्हणून ते इंग्लंडला गेले. तीन तपांहून अधिक काळानंतर, जून १९८९च्या निवडणुकीत पोलंडच्या सॉलिडॅरिटी चळवळीने भिंतीभिंतींवर मार्शल केन झालेल्या गॅरी कूपरचेच पोस्टर लावले. त्याच्या हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका होती. पोलंडच्या मतदारांना त्या चित्राचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

जॉर्ज स्टीव्हन्सचा ‘शेन’ (१९५३) वयानुसार दोन वेगळे चित्रपट होतो. लहानपणी तो जोई या मुलाच्या डोळ्यांनी पाहिला जातो. वायोमिंगच्या हिमाच्छादित डोंगरांतून एक घोडेस्वार येतो, गरीब शेतकऱ्यांना जमीनदाराच्या जाचातून सोडवतो आणि निघून जातो. मोठेपणी जोईचे आईवडील दिसू लागतात. पत्नीच्या मनात शेनविषयी काय आहे ते नवऱ्याला कळते, त्या तिघांपैकी कोणीही ते बोलून दाखवत नाही आणि कोणीही मर्यादा सोडत नाही. स्टीव्हन्स दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या चित्रीकरण पथकाचे प्रमुख होते आणि दाखाऊची छळछावणी त्यांनी कॅमेऱ्यात टिपली होती. त्यानंतर त्यांच्या पडद्यावरची गोळी हलकी राहिली नाही. टॉरी हा शेतकरी मारला जातो तेव्हा बंदुकीचा आवाज तोफेसारखा फुटतो आणि नटाला दोरीने मागे खेचल्यामुळे त्याचा देह चिखलात फेकला जातो. मुलाला थरार देणारा हा क्षण मोठ्या माणसाला हादरवतो. शेवटी जखमी शेन घोड्यावरून दूर जातो, तो जिवंत आहे की नाही, यावर आजही वाद घातला जातो.

पुन्हा पाहिल्यावर सर्वात जास्त बदलणारा चित्रपट म्हणजे फोर्डचा ‘द सर्चर्स’ (१९५६). कोमान्चींनी पळवलेल्या पुतणीला शोधण्यासाठी ईथन एडवर्ड्स वर्षानुवर्षे भटकतो. या कल्पनेमागे सिंथिया ॲन पार्करसारख्या मुलींची खरी कहाणी आहे. १८३६ साली कोमान्चींनी पळवलेली ही लहान मुलगी त्यांच्यात चोवीस वर्षे राहिली आणि तिचा मुलगा क्वाना पुढे कोमान्चींचा नेता झाला. पहिल्या वेळी प्रेक्षक ईथनला नायक मानून त्याच्यासोबत निघतो. दुसऱ्या वेळी कळते की तो मुलीला आणायला नव्हे, मारायला निघालेला आहे, कारण शत्रूच्या घरात वाढलेली मुलगी त्याला आपली वाटेनाशी झाली आहे. तिसऱ्या वेळी बारकावे उलगडतात. भावजय मार्था ईथनच्या कोटावरून हात फिरवते आणि पाहुणा पाद्री ते दिसूनही समोर पाहत कॉफी पीत राहतो. एकाही शब्दाशिवाय या घरातले अव्यक्त प्रेम तिथे कळते. लहान डेबी हल्ल्याच्या रात्री ज्या थडग्याआड लपते त्याच्या दगडावर एडवर्ड्स कुटुंबातल्या एका आईचे नाव आहे आणि तिला कोमान्चींनी मारल्याची नोंद आहे. ती अक्षरे क्षणभरच दिसतात. ईथनच्या द्वेषाचे मूळ फोर्डने एवढ्यातच सांगितले आहे, समर्थन मात्र कुठेही केलेले नाही. या चित्रपटाला ऑस्करचे एकही नामांकन मिळाले नाही. पुढच्या पिढीतील मार्टिन स्कॉर्सेसीसारख्या दिग्दर्शकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि त्याला आजची प्रतिष्ठा मिळवून दिली.

‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’मध्ये (१९६२) पुन्हा पाहणे हीच चित्रपटाची रचना झाली आहे. एक वकील एका गुंडाला ठार मारतो आणि त्या कीर्तीवर सिनेटर होतो. मग तोच गोळीबार दुसऱ्या बाजूने दाखवला जातो आणि कळते की गोळी अंधारात उभ्या असलेल्या टॉम डॉनिफनची होती. झुंज तीच, कॅमेऱ्याची जागा मात्र बदललेली. त्या गोळीने गावाला कायदा मिळाला आणि डॉनिफनने प्रेयसी, घर आणि नाव असे सारे गमावले. चित्रपट त्याच्या दरिद्री शवपेटीपासून सुरू होतो आणि मृताच्या पायांत बूटही उरलेले नसतात. वेस्टर्नमधल्या विजयाचा इतका सरळ हिशेब दुसऱ्या कोणी मांडलेला नाही.

इटलीच्या सर्जिओ लिओनेने हीच परंपरा स्पेनच्या आल्मेरिया भागातील वाळवंटात नेली. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) गाडीची वाट पाहणाऱ्या तीन बंदूकबाजांपासून सुरू होतो. सुरुवातीची कित्येक मिनिटे जवळपास संवादच नाही. पवनचक्कीची करकर, टोपीवर टपकणारे पाणी आणि चेहऱ्यावर बसणारी माशी एवढेच. घाई असलेल्याला हे लांबवलेले वाटेल, पण ज्याला पुढचे ठाऊक आहे त्याला ही मिनिटे संगीतासारखी ऐकू येतात. एनिओ मोरिकोनेने बरेचसे संगीत चित्रीकरणाआधीच रचले होते आणि लिओने ते सेटवर वाजवून दृश्ये घेत असे. ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मध्ये (१९४६) सज्जन मार्शल वायट अर्प झालेल्या हेन्री फोंडाला त्याने इथे मुलाला ठार मारणारा खलनायक केले. त्या निळ्या डोळ्यांचा धक्का जुने चित्रपट पाहिलेल्यालाच पुरता बसतो.

ही सारी आवड डोळस असायला हवी, आणि पुन्हा पाहण्यानेच ती डोळस होते. मॉन्युमेंट व्हॅली ही ॲरिझोना आणि यूटाच्या सीमेवरची नावाहो लोकांची भूमी आहे. फोर्डच्या चित्रपटांत त्याच नावाहोंनी कधी अपाची तर कधी कोमान्ची म्हणून काम केले, आणि ‘द सर्चर्स’मधला कोमान्ची प्रमुख जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडनने साकारला. २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने लाकोटा स्त्रीपुरुषांची आणि मुलांची कत्तल केली, तिला या चित्रपटांच्या मुख्य धारेत फार काळ स्थान नव्हते. नायकाच्या जखमेकडे पाहून झाल्यावर चौकटीच्या कडेला पडलेल्या, नाव नसलेल्या माणसांकडे प्रेक्षकाचे लक्ष गेले पाहिजे. क्लिंट ईस्टवुडच्या ‘अनफर्गिव्हन’ने (१९९२) हा हिशेब या चित्रप्रकाराच्या आतूनच मागितला. पहिला खून केल्यावर रडणारा पोरगा आणि शौर्यकथा लिहून विकणारा चरित्रकार यांना एकाच चित्रपटात ठेवून त्याने जुन्या दंतकथांची किंमत दाखवली. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले.

भारतात हा प्रकार परका राहिला नाही. मुंबई-पुण्याच्या चित्रपटगृहांत ‘मॅकेनाज गोल्ड’ला पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक मिळाले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ने लिओनेची माळराने आणि ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’मधली भाडोत्री शूरांची कल्पना बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत रुजवली, आणि मुंबईच्या मिनर्व्हामध्ये तो पाच वर्षे चालला. तो पाहायला पुन्हा पुन्हा येणाऱ्यांना संवाद पाठ होते. मूळ शेवटात ठाकूर दरोडेखोर गब्बरला स्वतः ठार मारतो. आणीबाणीच्या काळातील सेन्सॉरने तो बदलायला लावला. त्या मूळ शेवटात सूड पूर्ण झाल्यावर रिकामा झालेला ठाकूर दिसतो, म्हणजे जिंकण्याची किंमत इथेही शेवटी जिंकणाऱ्यावरच पडते.

पुन्हा पाहण्यासारखा वेस्टर्न ओळखण्याची कसोटी यातून मिळते. ज्या चित्रपटात गोळीबार झाला की सांगण्यासारखे काही उरत नाही, तो एकदाच पाहून पुरतो, आणि असे चित्रपट शेकड्यांनी निघाले. ज्यात बंदूक चालवणाऱ्याला, वाट पाहणाऱ्याला, नकार देणाऱ्याला आणि बळी पडणाऱ्याला स्वतंत्र जागा दिलेली असते, तो प्रत्येक पाहण्यात यांतल्या वेगळ्या माणसापाशी नेतो. पडद्यावरची कथा बदलत नाही. कोणाची बाजू घ्यायची हे मात्र दर वेळी नव्याने ठरवावे लागते. ते ठरवायला लावणारी कलाकृती जुनी होत नाही, म्हणूनच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी संपलेल्या सरहद्दीवरचे हे चित्रपट आजही पाहणाऱ्याला स्वतःविषयी काही सांगतात.