दुरून डोंगर, वरून दरी

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण कुणाची, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. गेल्या जानेवारीत महाबळेश्वरचा मुक्काम आटोपून पुण्यास परतण्यापूर्वी एक दिवस हाती होता. तो आम्ही सहकुटुंब ‘पॉइंट’ पाहण्यात घालवला, आणि त्या दिवशी हा प्रश्न पडला.

पॉइंट पाहणे हा तसा चमत्कारिकच प्रकार. सृष्टी सलग पसरलेली असते. आपण कठडे घालून तिचे तुकडे पाडतो आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटे देतो. तुकड्यांची नावे साहेबाची: पहाटे विल्सन, दुपारी एल्फिन्स्टन, अखेरीस ऑर्थर सीट. मध्ये पंचगंगेच्या देवळात गोमुखाचे ओंजळभर पाणी. आम्ही उभयता, दोन मुले आणि ब्याऐंशी वर्षांचे अण्णा असा लवाजमा होता. गुडघ्यांचे निमित्त सांगून अण्णा दिवसभर गाडीतच बसून होते. ऑर्थर सीटला मात्र म्हणाले, “मला धरा. इथं उतरतो.”

तिथे कडा एकदम तुटतो. एका अंगाला सावित्रीचे खोल खोरे, दुसऱ्या अंगाला कृष्णेचे जोर खोरे. शेजारी जन्मलेल्या या नद्यांपैकी सावित्री शंभरेक किलोमीटरांत अरबी समुद्र गाठते, तर कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, हे आम्ही मास्तरी थाटात मुलांना सांगितले. मुलांचे लक्ष नव्हते. दरीत टाकलेले बाटलीचे बूच वाऱ्याने परत वर येते, यात ती रमली होती.

अण्णांचेही नव्हते. ते खाली काही शोधत होते. “तो चंद्रगड. त्याच्या अंगाला ढवळे. तिथून वाट चढते.”

त्या खोऱ्यातच अण्णांचा जन्म. डालग्यात कोंबड्या घेऊन त्यांची आई या वाटेने महाबळेश्वरच्या बाजाराला येई आणि आठ-दहा वर्षांचे अण्णा अंड्यांची टोपली सांभाळत मागे असत, हे आम्ही पूर्वी ऐकले होते. पुढचे मात्र प्रथमच ऐकले.

“वर आलो की आई इथंच कुठंतरी टेकायची. पण दरीकडं पाठ करून. कधी खाली बघितलं नाही तिनं.”

“का?”

“त्याच वाटेनं उतरायचं असायचं. बघून काय करायचं?”

ती म्हण डोंगर चढलेल्या माणसाचीच असली पाहिजे. आणि वरून दरीही साजरीच दिसते, याची भर आमच्यासारख्यांनी घालावी. समोरच्या हिरव्या उतारांवर तांबूस ओरखडे होते. मुलीने विचारले, “आजोबा, त्या पायवाटा का?” त्या वाटा नव्हत्या, दरडी होत्या. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरात २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. खाली महाड तालुक्यातील तळिये गावात दरडीखाली ८०हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही बळी गेले. आमच्या भावकीची भाताची खाचरे त्याच दिवशी चिखलाखाली गाडली गेली. घर वाचले, पण बंद आहे. ही बातमी आम्ही फोनवर ऐकली, हळहळलो, पैसे पाठवले. गेलो मात्र नाही. आणि आता तोच उतार कॅमेऱ्यात नीट यावा म्हणून मुलांना जरा डावीकडे सरकायला सांगत होतो.

परतताना आम्ही म्हणालो, “अण्णा, आंबेनळीनं उतरू या का? पोलादपूर चाळीसेक किलोमीटर. घर बघून जाऊ.”

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नको. मुलांची शाळा आहे उद्या. घरी चला.”

शाळेचे कारण आम्हांला सोयीचे होते, म्हणून आम्ही ते लगेच मान्य केले. गाडी पाचगणीच्या रस्त्याला लागली. पसरणी घाट उतरताना खाली वाईचे दिवे लुकलुकू लागले, तेव्हा मुले खिडकीला चिकटली. “आजोबा, बघा ना!”

अण्णा समोरच्या रस्त्याकडे पाहत होते.