बाकावरून पाहिलेलं रोम

दोस्तांनो, रोम म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? कलोसियम, हो ना? तलवारी घेऊन लढणारे ग्लॅडिएटर, ज्युलियस सीझर, आणि फार तर पिझ्झा! मीसुद्धा तेवढंच डोक्यात घेऊन गेले होते. पण आज मी सांगणार आहे ते रोममधल्या बागांबद्दल आणि त्या बागांमधल्या बाकांबद्दल. हसू नका हं, बाकांबद्दलच!

त्याचं असं झालं. २०२३ च्या मे महिन्यात आमच्या घरच्या बाबांना ऑफिसच्या कामासाठी दहा दिवस रोमला जायचं होतं. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी आणि नुकतीच सातवीची परीक्षा दिलेली आमची लेक, दोघीही त्यांच्याबरोबर निघालो. आता मी म्हणजे याद्या करणारी बाई. वाण्याची यादी, धोब्याची यादी, तशी रोमचीही केली. चांगली बावीस ठिकाणं!

पहिल्या तीन दिवसांत त्यातल्या अकरा ठिकाणांवर खुणा करून झाल्या. मी पुढे, लेक मागून पाय ओढत. "अगं बघ, दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे!" "हं." "फोटो तरी काढ!" "हं." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "आई, मला घरी जायचंय." मग मी जे काही बोलले, ते 'एवढा खर्च करून' या शब्दांनी सुरू होतं. पुढचं लिहीत नाही. तुमच्या घरी पाठ असेलच.

चौथ्या दिवशी सकाळी माझा पाय मुरगळला. रोमच्या जुन्या गल्ल्यांमध्ये डांबर नसतं, काळ्या दगडाचे मुठीएवढे ठोकळे ठोकून बसवलेले असतात. दिसतात झकास, पण चप्पल घालून भराभरा चालणाऱ्या बाईचे ते वैरी! डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि खुणेनं सांगितलं, चालणं कमी. यादीची घडी झाली आणि ती पर्समध्ये गेली.

"मग आता काय करायचं?" लेकीनं विचारलं.

"आता बसायचं," मी म्हटलं. काय करणार!

हॉटेलातल्या बाईंनी टॅक्सी बोलावून दिली आणि आम्ही पोहोचलो व्हिला बोर्गेझेला. व्हिला म्हणजे बंगला असं आपल्याला वाटतं. रोममध्ये मात्र बंगला आणि त्याभोवतीची अख्खी बाग मिळून व्हिला. आणि बाग केवढी? सुमारे ८० हेक्टर, म्हणजे दोनशे एकरांच्या आसपास! चारशे वर्षांपूर्वी शिपिओने बोर्गेझे नावाच्या एका धनाढ्य कार्डिनलनं ती करवून घेतली. पोप पाचवे पॉल त्याचे सख्खे मामा होते, तेव्हा पैशाला काय तोटा! पुढे १९०१ मध्ये सरकारनं ती विकत घेतली, १९०३ मध्ये शहराच्या हवाली केली, आणि तेव्हापासून कुणीही यावं, कुठंही बसावं. तिकीट नाही.

मधोमध एक छोटं तळं आहे. तळ्यात बदकं, कासवं आणि भाड्यानं मिळणाऱ्या वल्ह्यांच्या होड्या. तळ्यातल्याच छोट्या बेटावर खांबांचं एक देऊळ. ते एस्क्युलेपियसचं, म्हणजे औषधांच्या देवाचं. माझा पाय त्याला दाखवावा म्हणून मी मुद्दाम समोरच्याच बाकावर बसले! शेजारच्या बाकावर एक आजोबा होते. त्यांच्यापाशी वर्तमानपत्र होतं, पण ते वाचत नव्हते. कुत्रा होता, पण त्याला फिरवत नव्हते. नुसते बसले होते. तासाभरानं पाहिलं, तरी तसेच. इटालियन भाषेत यासाठी खास शब्द आहेत, 'दोल्चे फार निएंते', काहीही न करण्यातली गोडी. आपल्याकडे त्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आळशीपणा!

डोक्यावर रोमचे ते प्रसिद्ध पाइन वृक्ष होते. सरळसोट उंच खोड आणि वर थेट उघडलेली छत्री. कलोसियमपेक्षाही मला हे शहर आठवतं ते या झाडांमुळे. २०१८ पासून मात्र बाहेरून आलेल्या एका किडीनं त्यांना पछाडलंय. पालिकेची माणसं खोडात इंजेक्शन देऊन औषध सोडतात. झाडांनाही इंजेक्शन, बरं का!

आता एक गंमत सांगते. रोममध्ये रस्त्यांवर आणि बागांत ठिकठिकाणी लोखंडाचे बुटके नळ असतात. १८७४ पासून ते बसवायला सुरुवात झाली आणि सगळे मिळून अडीच हजारांच्या घरात आहेत. तोटी वाकड्या नाकासारखी, म्हणून लोक त्यांना 'नासोने' म्हणतात, म्हणजे मोठं नाक, नाकाड्याच म्हणा ना! पाणी सतत वाहत असतं, थंडगार, पिण्याचं. नाकाच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. खालून बोटानं तोटी बंद केली की त्या भोकातून पाण्याची धार वर उडते, ओठ लावून पिता यावी अशी. माझ्या लेकीला हे एका लहानग्या मुलानं करून दाखवलं. तिनं पहिल्यांदा बोट दाबलं, ती धार थेट माझ्या चष्म्यावर! आणि चार दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही अव्हेंटिनो टेकडीवर गेलो. टॅक्सीनं माथ्यापर्यंत जायचं आणि मग लंगडत, उतारानं खाली यायचं, असा माझा बेत. वर एका चौकात भलंमोठं हिरवं दार आहे, सदा बंद. त्याच्या किल्लीच्या भोकाला डोळा लावायला लोक रांगेत उभे असतात! आम्हीही राहिलो. आत काय दिसतं? दोन्ही बाजूंना कापून नीट केलेली झाडं, त्यांची हिरवी बोळकांडी, आणि टोकाला बरोब्बर मध्यभागी सेंट पीटर्सचा घुमट! बाग माल्टाच्या सरदारांच्या संघटनेची, मधलं शहर इटलीचं आणि घुमट व्हॅटिकनचा. एवढ्याशा भोकात केवढं राज्यकारण!

तिथून पाच मिनिटांवर संत्र्यांची बाग. रस्त्याच्या कडेला भिंत, भिंतीत दार, आत संत्र्याच्या झाडांच्या रांगा आणि शेवटी कठडा. कठड्यावरून सगळं रोम खाली पसरलेलं दिसतं. ही आजची बाग १९३२ मध्ये रफाएले दे विको यांनी आखली. "नागपूरसारखी संत्री असतील?" लेकीनं विचारलं. छे! ही जात कडू, मुरंब्याच्या कामाची. आम्ही सावलीतल्या बाकावर बसलो. कुणी तरी गिटार वाजवत होतं. अर्धा तास आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

मग ती म्हणाली, "आई, फेब्रुवारीच्या चाचणीत मला गणितात वीसपैकी सहा मिळाले होते."

"अगं, मी डायरीत सही केली, तेव्हा..."

"तू नाही केलीस. मी केली. तुझी सही."

खोटं कशाला सांगू, मला इतका राग आला! ताडकन उठावं, चार शब्द सुनवावेत आणि चालू पडावं, असं वाटलं. घरी असते तर तेच केलं असतं. पण इथं उठायचं म्हणजे आधी बाकाची कड धरायची, मग चांगला पाय टेकायचा, मग दुखरा पाय... रागानं उठायला निदान दोन मिनिटं लागली असती. म्हणून बसूनच राहिले.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते. दोनदा. एकदा तू पोळ्या करत होतीस. एकदा फोनवर होतीस. मग म्हणालीस, चालता चालता बोल, उशीर होतोय. तू बसलेली कधी असतेस, आई?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. (आईबाबा, तुम्हीही हे पान वाचत असाल तर तुमच्याकडे असलेलं उत्तर मला कळवा.) ती रडत होती. मीही चष्मा पुसला, आणि या वेळी नासोनेचं पाणी नव्हतं. तीन महिने ते सहा गुण तिनं एकटीनं वागवले होते, विमानातून रोमपर्यंत! पण जून उजाडला की बाईंना तिनं स्वतः सांगायचं, हेही तिथंच ठरलं. त्यात सूट नाही.

उतरताना वाटेत गुलाबांची बाग लागली. अकराशेच्या आसपास जातींचे गुलाब आहेत तिथं आणि मे महिना म्हणजे ऐन बहर. पण ही जागा मूळची बाग नव्हे. १६४५ पासून इथं रोमच्या ज्यू लोकांचं दफनस्थान होतं. १९३४ मध्ये ते दुसरीकडे हलवलं गेलं आणि १९५० मध्ये, ज्यू समाजाच्या संमतीनं, इथं गुलाबबाग झाली. आधी इथं काय होतं ते झाकलेलं नाही. बागेतल्या वाटाच अशा आखल्यात, की वरून पाहिलं तर ज्यूंच्या देवघरातली सात फाट्यांची समई दिसावी. लेक त्या वाटांवरून एकटीच लांबवर चालत गेली. मी बाकावर होतेच.

पुढच्या पाच दिवसांत आम्ही आणखी तीन बागा बसून काढल्या. त्यातली एक तर अशी, की हिरवळीवर आडवं पडावं आणि उशाशी सम्राट क्लॉडियसनं इसवी सन ५२ मध्ये पुरा केलेला पाणी आणायचा कमानींचा उंच पूल! यादीतली अकरा ठिकाणं राहिली ती राहिलीच.

जूनमध्ये आम्ही दोघी शाळेत गेलो. लेकीनं डायरी उघडून बाईंपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग तिला जे बोलायचं ते बोलल्या आणि मला म्हणाल्या, "आता खाली तुमची खरी सही करा." मी केली. माझा हात जरा थरथरत होता. बाईंनी दोन्ही सह्या निरखून पाहिल्या, चष्मा काढून पुन्हा पाहिल्या, आणि विचारलं, "यातली खरी कुठली म्हणालात?"