चुकायला जागा

जॅझच्या छोट्या मैफली भरवणाऱ्या आम्हा मंडळींना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: तिकीट इतकं कमी ठेवून तुम्हीच कलेची किंमत घालवत नाही का? माझं म्हणणं असं की, स्वस्त तिकीट ही श्रोत्याला दिलेली सवलत तर आहेच, पण त्याहून अधिक ती नव्या वादकाच्या शिक्षणाची सोय आहे. जॅझमधलं बरंच काही घरच्या रियाजात येतच नाही. जॅम सेशनमध्ये, म्हणजे कोणाही वादकाला मंचावर येऊन सामील होता येईल अशा मैफलीत, पियानो, डबल बेस आणि ड्रम्स सांभाळणारे तिघं अनुभवी वादक असतात. एखादी नवखी सॅक्सोफोनवादक मंचावर येते, सगळे मिळून मूळ धून वाजवतात आणि मग त्याच 32 बारच्या (म्हणजे छोट्या तालखंडांच्या) आवर्तनावर तिचा सोलो सुरू होतो. मधल्या आठ बारमध्ये चाल वळण घेते आणि ती हरवते. तेव्हा जाणता ड्रमर नवं आवर्तन येताना ठोका जरा ठसठशीत देतो, बेसवादक पहिल्याच ठोक्याला मूळ स्वर ठाम धरतो आणि ती पुन्हा वाटेला लागते. हे शिकायला समोर श्रोते लागतात, फजितीची भीती लागते आणि सांभाळून घेणारे सोबतीही लागतात.

लंडनमध्ये हे सिद्ध झालं आहे. डबल बेसवादक गॅरी क्रॉस्बी आणि जनीन आयर्न्स यांनी 1991 मध्ये उभी केलेली ‘टुमॉरोज वॉरियर्स’ ही संस्था कॅम्डेनच्या ‘जॅझ कॅफे’तल्या जॅम सेशनमधून वाढली. शिकवणं विनामूल्य, कृष्णवर्णीय तरुण आणि मुली यांच्याकडे खास लक्ष. शबाका हचिंग्ज, नुबाया गार्सिया, मोझेस बॉइड याच वाटेनं पुढे आले. तिथेच जमलेल्या ‘एझ्रा कलेक्टिव्ह’नं 2023 मध्ये ब्रिटनमधला मर्क्युरी संगीत पुरस्कार मिळवला, जॅझच्या वाद्यवृंदाला तो प्रथमच मिळाला. दार सगळ्यांना उघडं ठेवल्यानं दर्जा घसरतो, या आक्षेपाला याहून चोख उत्तर मला सुचत नाही.

तरीही कोणी न्यूयॉर्कच्या ‘मिन्टन्स प्लेहाऊस’चा दाखला देईल. 1940च्या दशकात हार्लेममधल्या त्या क्लबात थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी यांनी बीबॉप ही जॅझची नवी शैली घडवली, आणि कच्च्या वादकाला पळवून लावायला अवघड लय, अवघड स्वरसंगती मुद्दाम वापरली जाई. कठोरपणातून मोठे कलावंत घडले हे खरं. पण त्या हिशेबात टिकलेलेच मोजले जातात, परत न आलेले कोण मोजणार? शिवाय त्याच काळात मेरी लू विल्यम्स आपल्या घरी मंक आणि बड पॉवेल यांच्यासारख्या तरुणांना जमवत होत्या, त्यांचं ऐकत होत्या, त्यांना मार्ग दाखवत होत्या. कस लावणं आणि हाकलून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नुसत्या श्रीमंत आश्रयावर विसंबलं की काय होतं, ते मुंबईनं पाहिलं आहे. इथला जॅझ ताजसारख्या हॉटेलांच्या नाचघरांत बहरला. चिक चॉकलेट या नावानं गाजलेले गोव्याचे ट्रम्पेटवादक अँतोनियो झेवियर वाझ तिथे वाजवत आणि पुढे सी. रामचंद्र यांच्या संगीतालाही त्यांचा हात लागला. अनेक गोवेकर वादकांना चित्रपटांच्या वाद्यवृंदांनीच पोटापाण्याला लावलं. पण हॉटेलच्या गिऱ्हाइकाला नाचायला ओळखीची धून हवी असते, चाचपडणारा नवखा नको असतो.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे: तिकीट स्वस्त म्हणजे शेवटी वादकच फुकट राबणार. असं सर्रास घडतं आणि ते अन्यायाचंच आहे. म्हणून आमच्या कामाचा पहिला नियम असा असावा की मानधन आधी ठरवायचं, तिकीट नंतर. मधली तूट अनुदानातून, देणगीतून किंवा ज्याला परवडतं त्याच्याकडून थोडं जास्त घेऊन भरून काढायची. ती वादकाच्या खिशातून कधीही भरायची नाही. सर्वसमावेशकताही अशाच बारीक निर्णयांत असते: मद्य विकलं जातं म्हणून अठराच्या आतल्यांना मज्जाव होणार नाही अशी जागा, शेवटची गाडी मिळेल अशी वेळ, चाकाची खुर्ची मंचापर्यंत जाईल असा उतार. वर्षातून एकदा थाटाचा महोत्सव करण्यापेक्षा दर आठवड्याला अशी एक साधी संध्याकाळ भरवणं मला मोलाचं वाटतं, कारण आज अडखळलेल्या वादकाला पुढच्या आठवड्यात पुन्हा वाजवायला मिळालं पाहिजे.