विरळ वस्तीतला ठिपका

फिटनेस ॲपविषयीच्या तक्रारींमध्ये जाहिरातींची तक्रार सगळ्यांत मोठ्या आवाजात होते आणि सगळ्यांत हलक्यात घेतली जाते. माणसानं पैसे मोजून घड्याळ घेतलेलं असतं. ते फोनला जोडायला कंपनीचंच ॲप उतरवावं लागतं, आणि सकाळचं चालून झाल्यावर किती पावलं झाली ते पाहायला जावं तर आधी प्रोटीन पावडर, झटपट कर्ज नाहीतर कुठल्याशा डाएट प्लॅनची जाहिरात मिटवावी लागते. मिटवायची फुली इतकी बारीक, की बोट हमखास जाहिरातीवरच पडतं. फुकटच्या ॲपनं हे केलं तर एक वेळ चालेल, विकत घेतलेल्या वस्तूनं का करावं, हा राग रास्त आहे. दुसरी तक्रार त्यामानानं दबक्या आवाजातली : पावलं मोजायला लोकेशन कशाला हवं? पहिली कटकट आणि दुसरी काळजी, अशी आपण त्यांची वाटणी करून टाकतो. माझ्या मते ही वाटणीच चुकते. ती किती चुकते हे पुण्या-मुंबईच्या गर्दीत कळत नाही; भोर आणि वेल्हे (सरकारदरबारी आता राजगड) यांसारख्या विरळ वस्तीच्या तालुक्यांकडे पाहिलं की कळतं.

ॲपमधली जाहिरात आधी ठरलेली नसते. पडदा उघडताच त्या जागेचा लिलाव पुकारला जातो आणि सेकंदाच्या आत उरकतो. बोली लावणाऱ्यांना गिऱ्हाइकाचा अंदाज यावा म्हणून फोनची ओळखखूण, ॲपचं नाव आणि परवानगी दिलेली असेल तर ठिकाणसुद्धा त्यांच्याकडे धाडलं जातं. मार्केट यार्डात ढिगाचा भाव पुकारला जातो तेव्हा माल घेणाऱ्या एकालाच दिसत नाही, भोवती उभ्या असलेल्या सगळ्या व्यापाऱ्यांना दिसतो, इथंही तसंच. फरक एवढाच, की कांदा नुसता बघून घरी नेता येत नाही आणि ठिकाणाची नोंद मात्र बोली हरलेल्यालाही ठेवून घेता येते. हा तर्क नुसता कागदावरचा नाही. ठिकाणांच्या नोंदी विकणाऱ्या ग्रेव्ही ॲनालिटिक्स या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं डिसेंबर २०२४ मध्ये कारवाई केली आणि पुढच्याच महिन्यात तिच्याकडची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. बाहेर पडलेल्या यादीत हजारो ॲपची नावं होती, खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या नोंदी ठेवणारं मायफिटनेसपालही होतं. जाणकारांचा अंदाज असा, की यातली बरीचशी माहिती ॲपवाल्यांनी विकलेली नव्हती. ती लिलावातूनच टिपली गेली होती. म्हणजे जी कटकट म्हणून आपण बोटानं बाजूला सारतो, तिच्याच वाटेनं काळजीचा विषय बाहेर जातो. कंपन्यांच्या बाजूनं एक सांगायला हवं. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत ब्लूटूथनं जवळचं यंत्र शोधायचं तर लोकेशनची परवानगी मागावीच लागे. २०२१ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून ती अट सुटली. तेव्हा प्रत्येक जुन्या परवानगीमागे डाव होता असं नाही. पण कारण संपल्यावरही परवानगी चालूच राहत असेल, तर तिला आता दुसरं नाव द्यायला हवं.

‘माहिती निनावी असते’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. निनावीपणा येतो कुठून? तो गर्दीतून येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख मोबाइलधारकांच्या हालचाली तपासल्या होत्या. स्थळ आणि वेळ यांचे अवघे चार ठिपके कळले तरी ९५ टक्के माणसं इतरांपासून वेगळी काढता येतात असं त्यात दिसलं. हे लाखोंच्या गर्दीतलं. वस्ती विरळ असेल तिथं चार ठिपकेसुद्धा लागू नयेत. धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपचा जगभरच्या धावपळीचा नकाशा नोव्हेंबर २०१७ मध्ये आला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यावर सीरिया-अफगाणिस्तानातले लष्करी तळ उजळलेले सापडले. त्यामागचं कारण फार साधं होतं. आजूबाजूला ते ॲप वापरणारं कुणी नव्हतं, त्यामुळे अंधारात तेवढेच सैनिक दिसले. पुढं कंपनीनं फारच कमी लोक वापरतात अशा वाटा नकाशावरून गाळायचं ठरवलं; विरळपणा हाच धोका आहे याची ती कबुलीच होती. आता हाच नियम सह्याद्रीत लावून पाहावा. राजगडावर गुंजवण्याहून चोर दरवाजानं चढणारी वाट, किंवा संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून तोरण्याकडे जाणारी डोंगरधार, या वाटांवर सुटीच्या दिवशी इतके ट्रेकर असतात की एकेकटा त्यांत हरवून जातो. सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रामध्ये धावणाऱ्यांचंही तेच. पण भोर तालुक्यातल्या रायरेश्वराच्या पठारावर मोजकीच जंगम कुटुंबं राहतात. तिथं रात्रभर एका जागी थांबलेला फोन म्हणजे एक घर, आणि पहाटे तिथून निघून पायथ्याच्या कोर्ल्याकडे उतरणारा फोन म्हणजे त्या घरातलं एक माणूस. नाव कुणी लिहिलेलं नाही, आणि लिहायची गरजही नाही. घराभोवतीचा काही शे मीटरचा टापू लपवायची सोय अशा ॲपमध्ये असते. सदाशिव पेठेत तेवढ्या टापूत शेकडो बिऱ्हाडं येतील. वेल्ह्यातल्या एखाद्या वाडीच्या टोकाला त्यात एकच छप्पर येईल, तेव्हा काय लपलं?

यावर गावाकडचाच एक आक्षेप आहे आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. गावात लपतं काय? एसटीतून कोण उतरलं, कुणाकडे पाहुणा आलाय, कोण कधी रानात गेलं, सगळं सगळ्यांना ठाऊक असतं; खासगीपणा हे शहरवाल्यांचं कौतुक. पण गावातलं ठाऊक असणं दुतर्फा असतं. जो माझं जाणतो त्याचं मीही जाणतो, आणि त्यानं मर्यादा ओलांडली तर पारावर त्याला तोंड दाखवावं लागतं. नोंदी विकत घेणाऱ्याचं मी काहीच जाणत नाही, त्याला पार नाही आणि तोंडही नाही. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्यासाठी तालुक्यातल्या मुली पहाटे मोकळ्या रस्त्यावर सराव करतात. अमुकतमुक मुलगी धावायला जाते हे गावाला कळणं वेगळं; रोज पहाटे कुठल्या मिनिटाला कुठल्या वळणावर एक फोन एकटा असतो, हे पैसे टाकील त्याला कळणं अगदी वेगळं. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा : डोंगरात कुणी चुकलं तर फोनचं ठिकाणच कामी येतं. खरं आहे, गिर्यारोहकांच्या शोधपथकांना त्याची मदत होतेच. पण ते ठिकाण मी निवडलेल्या माणसाला किंवा पथकाला कळायला हवं. प्रोटीन पावडर विकणाऱ्यांतलं कुणी मला शोधायला अळू दरवाजापर्यंत येणार नाही. आणि ॲप चालवायला पैसे लागतात म्हणावं, तर धावणाऱ्याच्या पडद्यावर बुटांची जाहिरात दाखवायला तो धावतो एवढं कळलं की पुरे. तो राहतो कुठं, हे त्यासाठी लागत नाही.

मग हे आवरणार कोण? गूगलनं फिटनेस घड्याळं बनवणारी फिटबिट कंपनी घेतली तेव्हा आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी वापरणार नाही असा शब्द सगळ्यांनाच दिला होता. युरोपीय आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये त्याची दहा वर्षांची बंधनकारक अट करून घेतली, पण ती युरोपातल्या ग्राहकांपुरती. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनं लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. यात काही चांगलं आहे. कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती संमती धरायची, असं कायदा म्हणतो, आणि उदाहरणही देतो ते फोनची संपर्कयादी मागणाऱ्या आरोग्यसेवेच्या ॲपचंच. अठरा वर्षांखालच्यांवर रोख धरून जाहिराती करायला मनाई आहे. संमतीची सूचना मराठीतही मिळण्याची सोय आहे, आणि भोरला याचं अप्रूप वाटायला हरकत नाही : तिथल्या संस्थानिकांना पंतसचिव म्हणत, आणि सचिवाचं मूळ कामच राज्याच्या कागदांतला मजकूर तपासायचं. आज त्याच भोरात इंग्रजी मजकुराची लांबलचक पानं न वाचता ‘मान्य’वर बोट ठेवलं जातं. उणीवही आहे. २०११ च्या नियमांनी आरोग्याच्या माहितीला संवेदनशील म्हणून वेगळं काढलं होतं. नव्या कायद्यात तो वेगळा दर्जा नाही, नाडीचे ठोके आणि ईमेलचा पत्ता एकाच पंगतीला. तरी एक धागा मला उपयोगाचा वाटतो. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक, अशी या कायद्याची व्याख्या आहे. नाव हवंच असं ती म्हणत नाही. म्हणजे निनावी काय, हे कंपनीनं सगळ्या देशासाठी एकदाच ठरवायचं नाही, ते जागेनुसार ठरायला हवं. कोथरूडमध्ये जो ठिपका निनावी, तोच रायरेश्वरावर वैयक्तिक. ही हरकत या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळापुढं कधी कुणी नेलीच, तर ती हिंजवडीच्या आयटी पार्कातून जाण्यापेक्षा कोर्ल्याहून गेलेली बरी. नाव नसतानाही माणूस ओळखू येतो हे शाबीत करायला तिथं तज्ज्ञाची साक्ष काढावी लागणार नाही.