चेंडू हातातून घेताना

मुलाकडे न्यू जर्सीला तीन महिन्यांसाठी म्हणून गेलो आणि २०२० सालच्या टाळेबंदीमुळे दिवाळीपर्यंत तिथेच अडकलो. रिकामपणी नातवाने मला बेसबॉल शिकवायला घेतले. बाकी सारे कळले. एक गोष्ट मात्र पचेना. आपल्या क्रिकेटमध्ये दमलेला गोलंदाज सीमारेषेपाशी उभा राहतो आणि तासाभराने पुन्हा चेंडू मागतो. तिथे पिचरला एकदा बाहेर काढले, की त्या दिवशी त्याला परत येणे नाही!

पूर्वी ही वेळ क्वचितच येई. सामना सुरू करणाराच तो संपवी. साय यंगने १८९० ते १९११ या काळात असे ७४९ सामने एकट्याने पुरे केले. नऊ डावांचा हा खेळ. पण १ मे १९२० रोजी बॉस्टनला तो सव्वीस डाव लांबला. कॅडोर आणि ओश्गर हे दोन पिचर अंधार पडेपर्यंत चेंडू टाकत राहिले, आणि सामना १-१ असा बरोबरीत सुटला.

पुढे शेवटाला येऊन विजय राखणाऱ्यांचाही मान वाढला. १९६९ मध्ये अशा कामगिरीची ‘सेव्ह’ म्हणून अधिकृत नोंद होऊ लागली. मारियानो रिव्हेराच्या नावावर अशा ६५२ नोंदी आहेत. मग हिशेबनीस आले. त्यांनी दाखवले, की एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा जाणारा फलंदाज त्याला चांगला ओळखू लागतो. तेव्हा त्याआधीच माणूस बदलावा.

२७ ऑक्टोबरच्या रात्री अंतिम मालिकेचा सहावा सामना होता. टँपा बेचा स्नेल सुरेख टाकत होता. नऊ जणांना त्याने तीन-तीन स्ट्राइकवर परत धाडले होते. सहाव्या डावात त्याचा केवळ दुसरा फटका बसला आणि व्यवस्थापक मैदानात आला. अवघे ७३ चेंडू झालेले!

“आजोबा, तो दमलाच नव्हता हो!” नातू रडवेला झाला. पुढच्या तिन्ही फलंदाजांना स्नेलने त्या रात्री दोन-दोनदा बाद केले होते. पण ते आता तिसऱ्यांदा येणार होते ना! नवा पिचर आला, आघाडी गेली आणि डॉजर्सनी मालिका जिंकली.

“हिशेब चूक नव्हता,” मुलगा म्हणाला. नसेलही. मला मात्र स्नेलचा चेहरा विसरता येईना.

दोन आठवड्यांनी तोच चेहरा मी स्वयंपाकघरात पाहिला. सोऱ्या फिरवताना आमच्या सौभाग्यवतीचा हात थरथरू लागला. “आई, द्या इकडे, उरलेल्या मी पाडते,” सूनबाई म्हणाली. अगदी मायेनेच म्हणाली. ही मुकाट्याने खुर्चीवर येऊन बसली. सुनेच्या चकल्यांना काटा छान आला होता, हेही तिने पाहिले. तिची बोटे मात्र मांडीवर सोऱ्याची मूठ धरल्यासारखी मिटलेली होती.

काय बोलावे, मला सुचेना. तेवढ्यात आतून हाक आली,

“आई, शेवटचा घाणा तुम्ही पाडता का? तुमच्यासारखी गोल येत नाही मला.”

ही झटकन उठली. नातू माझ्याकडे पाहून म्हणाला, “आजोबा, हे नियमात बसत नाही!”

“बसतं,” मी म्हणालो. “आपल्या घरात क्रिकेट चालतं.”