सावड

वार्षिकांकासाठी काहीतरी लिहा, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा 'पहिला पाऊस', 'वसतिगृहातील दिवस' आणि 'आई' हे तिन्ही विषय मैत्रिणींनी तिथल्या तिथे वाटून घेतले. माझ्या वाट्याला काहीच उरले नाही. मग मनात आले, जे आजवर कुणाला सांगितले नाही तेच का लिहू नये? विषय तसा हलका आहे, ऑनलाइन खेळाचा आहे. काही प्राध्यापक कपाळाला आठ्या घालतील हे ठाऊक आहे. परंतु त्या खेळात मी एका माणसाची सावड बुडवली आणि ती अद्याप फिटलेली नाही. म्हणून हे लिहिणे.

सावड म्हणजे काय, हे यवतमाळ शहरात वाढलेल्या माझ्या मैत्रिणींना सांगावे लागेल. ज्याच्याकडे एकच बैल, त्याने तशाच दुसऱ्या एकबैल्या शेतकऱ्याशी जोडी जमवायची. दोन दिवस वखर त्याच्या वावरात, दोन दिवस आपल्या. आज तुमच्या निंदणाला आम्ही, उद्या आमच्या निंदणाला तुम्ही. पैसा मधे येत नाही, दिवसाला दिवस फेडायचा. आता ताशी भाड्याचे ट्रॅक्टर आले आणि सावड विरळ झाली. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात आबाजींच्या बोलण्यात मात्र हा शब्द अजून रोज येतो.

२०२० साली मी दहावीला होते. भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता. टाळेबंदी आली आणि तो पेपर झालाच नाही. सारे घर घरात बसले. अकरावीचे वर्ग मोबाइलवर भरणार असे कळले तेव्हा पुण्याला नोकरीत असलेल्या दादाने आपला जुना लॅपटॉप माझ्यासाठी पाठवला. त्यात त्याने कधीतरी भरून ठेवलेला एक खेळ होता. गावातली पोरे तेव्हा पिंपळाच्या पारावर पबजी खेळत. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने तो बंद केला आणि पारावर जणू सुतक आले. माझा खेळ मात्र कुणालाच माहीत नसल्यामुळे सुरक्षित राहिला.

हा खेळ नुसत्या नेमबाजीचा नव्हता. त्यात आपण एक सोंग घ्यायचे, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी वैद्य. अनोळखी माणसांनी मिळून गुहा धुंडाळायच्या आणि राक्षस मारायचे. असे खेळ अगदी कालचे नाहीत. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तसले जग संगणकावर रचायला घेतले आणि रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याने ते पुढे नेले. त्यात चित्र एकही नव्हते, सारा कारभार शब्दांचा. म्हणजे मूळ उद्योग आपल्यासारख्याच महाविद्यालयीन पोरांचा, एवढे तरी आठ्या घालणाऱ्यांनी लक्षात घ्यावे!

मी नाव घेतले 'वाघाडी'. ही आमच्याकडची नदी. सोबत्यांना वाटले, वाघासारखा कुणी दांडगा पुरुष असेल. मी तो गैरसमज दूर केला नाही. सोंग घेतले वैद्याचे.

आमची टोळी पाच जणांची. अशा टोळीत कामे वाटलेली असतात. एकाने ढाल घेऊन पुढे उभे राहायचे आणि राक्षसाचे सगळे घाव अंगावर घ्यायचे. तिघांनी राक्षसाला झोडपायचे. वैद्याने मागे उभे राहून सगळ्यांचे, विशेषतः ढालवाल्याचे, प्राण राखायचे. ढालवाल्याला मागे वळून पाहता येत नाही. वैद्याला घाव सोसत नाही. दोघांपैकी एकाने कच खाल्ली की पाचही जण आडवे. आमचा ढालवाला सुरतेत कापडाच्या दुकानात कामाला होता, एवढेच त्याने हिंदीत सांगितले होते. उरलेले तिघे कुठले होते देव जाणे. त्यांच्याशी तोडक्यामोडक्या इंग्रजीवर भागत असे.

घरात रेंज फक्त माळ्याच्या जिन्यावर. तिसऱ्या पायरीवर बसले की दोन काड्या, पाचव्या पायरीवर तीन. दिवसाचा दीड जीबी डेटा वर्गांसाठी जपून वापरायचा आणि उरलेला रात्री अकरानंतर खेळायला. वीज गेली तर लॅपटॉपची जुनी बॅटरी वीस मिनिटे तग धरी. एकदा ऐन लढाईत सगळेच बंद पडले. दुसऱ्या दिवशी शिव्या खायच्या तयारीनेच मी परतले. ढालवाल्याने एवढेच विचारले, "लाइट गई थी क्या?" तेव्हापासून लढाई सुरू करण्याआधी तो मला रोज विचारी, "वाघाडी, लाइट है?"

घरात मी सगळ्यांत धाकटी. चहा कर, दार लाव, मध्ये बोलू नको, एवढाच माझा कारभार. तिथे मात्र मी 'थांबा' लिहिले की चार माणसे थांबत. कुणीतरी माझ्या भरवशावर पुढे उभा आहे, ही गोष्ट सोळाव्या वर्षी किती मोठी वाटते, हे मी इथे शब्दांत सांगू शकत नाही.

वैद्याच्या सोंगाविषयी पुढे एक हकीकत वाचनात आली. सप्टेंबर २००५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या प्रसिद्ध खेळात एका राक्षसाचा संसर्गजन्य शाप चुकून गुहेबाहेर आला आणि खेळातली शहरे ओस पडली. कित्येक वैद्य धावून आले आणि रोग्यांना बरे करता करता स्वतःच पडले. काहींनी मुद्दाम रोग पसरवला. एरिक लोफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी २००७ साली 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात यावर लेख लिहिला. खऱ्या साथीत माणसे कशी वागतील याचा अंदाज त्यांना या खोट्या साथीत दिसला. आम्ही तर खऱ्या साथीत बसून खोटे वैद्य झालो होतो.

आता त्या रात्रीविषयी. फेब्रुवारी २०२१ होता. अमरावती-यवतमाळकडे साथीने पुन्हा डोके वर काढले होते, नव्याने निर्बंध आले होते. एका राक्षसाने आम्हांला अकरा रात्री धूळ चारली होती. बाराव्या रात्री तो पडला. त्याच्याजवळ एक कडे निघाले. ते अंगावर असले की घाव निम्मा लागे. ढालवाला महिनाभर त्याचीच वाट पाहत होता. रोज म्हणे, "वो कड़ा मिल जाए, फिर तुम्हारा काम आसान।"

अशी वस्तू निघाली की पडद्यावर दोन बटणे येतात. एकावर लिहिलेले असते 'गरज', दुसऱ्यावर 'लोभ'. वस्तू ज्याला खरोखर वापरायची असेल त्याने 'गरज' दाबायचे. विकून पैसा करायचा असेल त्याने 'लोभ'. गरजवंताचा हक्क पहिला. गरजवंत दोन असले तर यंत्र एक ते शंभरमधले आकडे काढते, मोठा आकडा जिंकतो. कुणी खोटी गरज सांगितली तर यंत्राला कळत नाही. सगळा कारभार इमानावर.

त्या कड्याचा मला काडीचाही उपयोग नव्हता. पण खेळातल्या बाजारात एक पांढरा घोडा होता आणि त्याची किंमत त्या कड्याएवढी होती. मी 'गरज' दाबले. मला ८७ आले, त्याला ४२.

कुणी काही बोलले नाही. काही क्षणांनी ढालवाल्याने लिहिले, "कोई बात नहीं, वाघाडी. लाइट जाने वाली है क्या?" मी उत्तर न देता लॅपटॉप मिटला. वीज होती. जिन्यावरचा दिवा माझ्या डोक्यावरच जळत होता.

दुसऱ्या दिवशी कडे विकून घोडा घेतला. घोडा सुंदर होता. पण त्याच्यावर बसून जायचे कुठे? टोळीत तोंड दाखवायची छाती होईना. मी नवे नाव घेतले, नवे सोंग घेतले आणि अनोळखी टोळ्यांत फिरू लागले. तिथे असे करणे फार सोपे. गावात एकदा माणसाने दगा दिला की त्याच्या नातवालाही ऐकावे लागते. तिथे नाव बदलले की माणूस धुतल्या तांदळासारखा. मला वाटले होते, सुटले.

मार्चमध्ये तुरीच्या डाळीला ऊन दाखवत आबाजी अंगणात बसले होते. मी सहज विचारावे तसे विचारले, "आबाजी, सावडीत कोणी दगा दिला तर?"

"देते ना. म्याच देल्ला व्हता," ते म्हणाले.

बहात्तरच्या दुष्काळात आमचा एक बैल गेला. शेजाऱ्याचाही एकच उरला. दोघांनी सावड केली. पुढच्या मृगात आमची पेरणी आधी झाली आणि शेजाऱ्याची पाळी आली, तेव्हा आबाजींनी आपला बैल रोख पैशासाठी भाड्याच्या बंडीला धाडला. शेजाऱ्याची पेरणी आठ दिवस लांबली. मग पावसाने उघाड दिली. त्याच्या वावरातली पऱ्हाटी गुडघ्याच्या वर गेली नाही.

"तो काही म्हणाला नाही?"

"नाही वं बाई. म्हनला असता तं बरं झालं असतं."

पुढच्या साली मृगाच्या आधी, स्वतःच्या वावराला हात न लावता, आबाजी वखर घेऊन शेजाऱ्याच्या धुऱ्यावर उभे राहिले. न बोलावता. चार दिवस वखरले.

"मंग?"

"मंग काय? त्यानं चहा देल्ला."

मी त्यांना खेळातली एक गोष्ट सांगितली. १९९९ साली आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये पुष्कळ माणसे मिळून एक राक्षस मारीत आणि वस्तू निघत मोजक्या. भांडणे होऊ लागली तेव्हा खेळाडूंनी आपणच हजेरीवही काढली. ज्याच्या जितक्या लढाया त्याला तितके गुण, आणि वस्तू हवी असेल तर गुण खर्चायचे. आबाजींनी डाळ परतली आणि म्हणाले, "वही लागली म्हंजे भरोसा सरला. सावडीची वही पोटात राह्यते. मिटली तरी वाचता येते."

माझी वही मला रोज वाचता येत होती. दोन महिने मी खेळात कुणाशी लढले नाही. रानोमाळ हिंडून औषधी मुळ्या खणल्या आणि बाजारात विकल्या. एप्रिल गेला. त्या दिवसांत गावात रोज कुणाची तरी बातमी येई आणि घरात मोठ्याने कुणी बोलत नसे. मे महिन्याच्या शेवटी माझ्याकडे पुरेसा पैसा जमला. तसलेच एक कडे विकत घेतले, पहिल्यापेक्षा महाग. जुने 'वाघाडी' नाव पुन्हा धारण केले आणि टोळीच्या यादीत ढालवाल्याचे नाव शोधले. नावापुढे लिहिले होते, शेवटचे दर्शन एप्रिलमध्ये.

खेळात टपालाची सोय आहे. कडे त्याच्या नावाने टाकले आणि खाली हिंदीत लिहिले, "मला याची गरज नव्हती. मी खोटे बोलले. मी मुलगी आहे, वाघाडी ही आमच्या गावाकडची नदी आहे." इतके दिवस लपवलेले सगळे एका चिठ्ठीत गेले.

टपाल कुणी उघडले नाही तर तीस दिवसांनी परत येते. माझे परत आले. मी पुन्हा पाठवले. उरलेल्या तिघांना विचारले. त्यांनाही त्याचे खरे नाव ठाऊक नव्हते. सुरतेत कापडाची दुकाने किती! कदाचित त्याचे दुकान पुन्हा उघडले असेल आणि त्याला वेळ नसेल. कदाचित त्याने दुसरे नाव घेतले असेल, जसे मी घेतले होते. आणखीही एक कदाचित आहे. त्या वर्षीच्या एप्रिलविषयी मी तुम्हांला वेगळे काय सांगावे?

मला आता एवढेच वाटते. गावातली सावड माणूस पुष्कळदा भीतीने फेडतो. नाव असते, धुरा लागून असतो, उद्या तोंड पाहायचे असते. जिथे नाव नाही, धुरा नाही, कुणी दार वाजवायला येणार नाही, तिथेही तो सुरतवाला पाठ माझ्याकडे करून उभा राहत होता. त्याने भरवसा आधी टाकला, ओळख मागितली नाही. अशा माणसाचे देणे बुडवले तर वसूल करायला कोणीच नसते. म्हणूनच ते फिटता फिटत नाही.

आज मी एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. वसतिगृहात रेंज चांगली आहे, जिना चढावा लागत नाही. अभ्यासातून फारसे खेळणे होत नाही. खेळलेच तर वैद्याचेच सोंग घेते, आणि ती दोन बटणे समोर आली की बोट क्षणभर थांबते. महिन्याकाठी, बहुधा पौर्णिमेच्या आसपास, ते कडे परत येते. मी ते पुन्हा टपालात टाकते.

यंदा पोळ्याला गावी गेले होते. आमच्या गोठ्यात आता बैल नाही. आबाजी शेजारच्यांच्या जोडीला पुरणपोळी भरवून आले आणि ओट्यावर टेकले. ही सारी हकीकत मी त्यांना कधीतरी सांगितली होती. त्यांना खेळ कळला नव्हता, बाकी सगळे कळले होते. म्हणाले, "तुह्या त्या सुरतवाल्याचा काही निरोप?"

"नाही, आबाजी."

ते बराच वेळ रिकाम्या गोठ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "येईन तवा येईन. तू त्याचं वावर वखरून ठेव."