होडीचा नकाशा आणि लाकडाची जात

“बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, आणि तू शिकूनसवरून मासे मारायला निघाला?”

हा प्रश्न मला विहाराच्या पायरीवर विचारला गेला. विचारणारे कोणी टवाळ नव्हते, उभी हयात चळवळीत घालवलेले ज्येष्ठ कार्यकर्ते होते. मागच्या एप्रिलमध्ये मी अंगणात प्लायवूडची चार शीट आणून टाकली आणि मोबाईलवरच्या नकाशावरून होडी बांधायला घेतली, तेव्हाची ही गोष्ट. त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. तेव्हा होडी नव्हती, नुसता नकाशा होता. आता ती पाण्यात आहे, म्हणून लिहितो.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, पवनीच्या बाजूला. गोसीखुर्दचे भूमिपूजन १९८८ साली झाले. पुढे धरणात पाणी भरू लागले तसे आमच्या शिवाराचे दोन तुकडे पडले. आमचे उरलेले दीड एकर पलीकडे राहिले. पाण्यावरून अर्धा किलोमीटर, सडकेने तेरा. पाणी तरी कसले? नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून आमच्या दारात. त्यावर इकॉर्निया माजतो आणि जाळी गुंतून बसतात.

माझा शाळेतला सोबती ढिवर आहे. त्याचे नाव लिहीत नाही, त्याला सोसायटीत राहायचे आहे. त्याच्या आज्याला नदीचा प्रत्येक डोह पाठ होता, कोणत्या महिन्यात मरळ कुठे बसते हे तो काठावरून सांगायचा. साचलेल्या पाण्यात त्यातले निम्मे ज्ञान निकामी झाले. आजा डोंगाही करायचा, पण ती विद्या कोणाच्या हाती द्यायच्या आत गेला. नातू थर्माकोलच्या तुकड्यांना बांबू बांधून त्यावर बसून जाळे टाकू लागला. आमच्याकडे कितीतरी जण असेच जातात. जानेवारीत एका पहाटे वारा सुटला, थर्माकोल मधोमध मोडला. तो पोहत आला, जाळे गेले. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, “भाऊ, तू आयटीआय केलं ना? मंग नाव कशी करतात थे तुले वाचता येईन.”

फिटरचा ट्रेड केलेल्या माणसाला ड्रॉइंग वाचता येते, एवढ्या भांडवलावर मी हो म्हटले.

नकाशा फुकट मिळाला. बारा फूट लांब, चार फूट रुंद, सपाट बुडाची होडी. तीन पानांचे चित्र आणि एका पानावर नुसते आकडे. दर तीस सेंटीमीटरवर फळीची उंची किती, एवढेच ते आकडे सांगतात. शीटवर तेवढे बिंदू काढायचे, प्रत्येक बिंदूवर खिळा ठोकायचा, खिळ्यांना टेकवून लाकडाची लवचिक पट्टी वाकवायची आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. जिथे पट्टी सरळ बसत नाही तिथे तुमचा एक आकडा चुकलेला असतो. माझे चार चुकले होते. शीट आठ फुटांची आणि होडी बाराची, म्हणून दोन तुकडे टोकाला टोक लावून मागून पट्टीने चिकटवावे लागतात. मग कापलेल्या फळ्यांच्या कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेने त्या शिवायच्या. हो, शिवायच्या, गोधडीसारख्या. तार पिळली की सपाट फळी आपोआप बाक घेते. आतून सांध्यांत एपॉक्सी भरायचे, फायबर ग्लासची पट्टी बसवायची, ते वाळले की तारा काढायच्या.

ही पद्धत कोणी राजघराण्यासाठी शोधलेली नाही. इंग्लंडात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘डेली मिरर’ या कामगारांत खपणाऱ्या वर्तमानपत्राने वाचकांना घरी बांधता येईल अशी छोटी शिडाची होडी काढली. बॅरी बकनेल हा टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारा माणूस आणि जॅक होल्ट हा नौकांचा आराखडाकार, या दोघांनी ती आखली. तोवर शिडाची नौका म्हणजे श्रीमंतांचा शौक होता. ही ‘मिरर’ लोकांनी आपापल्या गॅरेजात बांधली आणि तिची संख्या सत्तर हजारांच्या घरात गेली. तिचे शीड लाल असायचे.

आपल्याकडे असा कागद का नाही? हजारो वर्षे इथे नद्यांवर, खाड्यांवर, समुद्रावर नावा चालल्या. त्या बांधणाऱ्याने पाहून घेता येईल असे एक पान का ठेवले नाही? कारण ज्याच्या हातात रंधा होता त्याला लिहू दिले नाही, आणि ज्याच्या हातात लेखणी होती तो रंध्याला शिवला नाही. जो ग्रंथ अभिमानाने दाखवला जातो तो भोजराजाच्या नावावरचा ‘युक्तिकल्पतरू’. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ सालच्या आपल्या ‘इंडियन शिपिंग’ या पुस्तकात त्याचा तपशील दिला आहे. नावांचे प्रकार आहेत, मापे आहेत, रंगरंगोटी आहे. आणि लाकडाच्या चार जाती आहेत. मी गंमत करत नाही. हलके नि मऊ लाकूड ब्राह्मण, हलके नि कठीण ते क्षत्रिय, मऊ नि जड वैश्य, कठीण नि जड शूद्र. क्षत्रिय लाकडाची नाव संपत्ती देते आणि दोन जातींचे लाकूड मिसळून केलेली नाव टिकत नाही, असा त्यात निर्वाळा आहे. झाडालासुद्धा सोडले नाही!

आता प्लायवूड काय असते ते बघा. लाकडाचे पातळ थर, एकाचे रेषे उभे तर त्यावरच्या थराचे आडवे, मध्ये डिंक. थर एकमेकांना छेद देतात म्हणूनच ते फाटत नाही. संकर आहे म्हणून टिकते.

अर्थात डिंक खरा असेल तर. होडीला आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लाय लागते. प्रमाणाप्रमाणे त्याचा तुकडा ७२ तास उकळला तरी थर सुटायला नकोत. मी तालुक्याच्या एका दुकानातून शिक्का पाहून शीट आणले, तुकडा कापला आणि बायकोच्या जुन्या गंजात चुलीवर ठेवला. चौथ्या तासाला तुकड्याची वही झाली. दुकानदार म्हणाला, शिक्का तर आहे. ते शीट परत घेतले नाही, माझे पैसे गेले. त्याचा आता घरात ओटा आहे. पुढची चार नागपूरहून आणली, तीही उकळून. बायको म्हणाली, भात कधी एवढा वेळ शिजवला नाही.

गावातले सुतार मिस्त्री पाहायला आले. मी आधी त्यांच्याकडेच गेलो होतो. त्यांनी सरळ सांगितले होते की पलंग सांगा, दार सांगा, नाव कधी केली नाही. खुर्ची टाकून बसले. अंगणात कापलेल्या फळ्या केळीच्या सालीसारख्या वाकड्या पडल्या होत्या. “हे नाव होय का बाबू?” असे म्हणून हसले. मिस्त्री सूतात बोलतात, इंचाला आठ सूत, आणि नकाशा मिलिमीटरमध्ये. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून जरासे जास्त, हा ‘जरासा’ बारा फुटांत किती होतो यावर आमचा अर्धा तास गेला. पण रंध्याचे पाते दगडावर कसे फिरवायचे, रेष्याच्या उलट रंधा मारला की लाकूड का उचकटते, हे त्यांनी माझा हात धरून शिकवले. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्याला रंधा धरता येत नाही. मिस्त्रींना पाणी दिले तेव्हा ते पितात की नाही हे मी मुद्दाम पाहिले. प्याले.

एपॉक्सीने मला रडवले. नकाशा काढणारा थंड मुलखातला. त्याच्या हिशेबाने मिसळलेले एपॉक्सी चांगले अर्धा तास हाताळता येते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला. पहिला डबा कालवला, लाकडाचा भुसा घालून पिठल्यासारखा घट्ट केला, आणि वळून पाहतो तो डबा धुमसतोय. हातात दगड. साडेतीनशे रुपये धुरात. मग पहाटे चारला उठून काम सुरू केले, आणि डब्याऐवजी पसरट ताटलीत थोडे थोडे कालवू लागलो. पसरले की उष्णता निघून जाते. सगळा खर्च तीस हजारांच्या आसपास गेला. निम्मा माझा, निम्मा त्याने बचत गटातून उचलला.

आता विहारातल्या प्रश्नाकडे येतो. आपल्या बापजाद्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, येसकरकी सोडली, ते बाबासाहेबांच्या शब्दावर. ती कामे जातीने गळ्यात बांधलेली होती, म्हणून ती सोडणे हा लढा होता. पण सोडताना आपण हाताचे कामच हलके मानू लागलो की काय? पोरगा शिकला म्हणजे त्याने हाताला माती लागू द्यायची नाही, हा विचार आपला नाही. तो ज्यांच्याशी आपण भांडतो त्यांचा आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’त जातीला धरले ते याच मुद्द्यावर. जात माणसाला त्याची आवड आणि कुवत पाहून काम निवडू देत नाही. मग निवडलेले काम हे जातीच्या विरोधातले नाही का? आणि नाव-नदी हा विषय बाबासाहेबांना परका नव्हता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४५ साली त्यांच्या खात्याने जो केंद्रीय आयोग उभा केला, त्याच्या नावातच जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन हे तिन्ही होते. त्याच वर्षी कटकच्या परिषदेत ओरिसाच्या नद्यांबद्दल बोलताना त्यांनी धरणाबरोबर जलवाहतुकीचाही विचार मांडला. आमच्या धरणात कालवे आहेत. नावेचा विचार कोणी केला होता, हे मला कुठे दिसले नाही.

ज्येष्ठांना एवढे सांगता आले असते. अवघड प्रश्न मात्र दुसऱ्या बाजूने आला.

ढिवर मोहल्ल्यातला एक म्हातारा माझ्या सोबत्याला म्हणाला, आज त्यानं नाव बांधली, उद्या सोसायटीत नाव मागेल, परवा आपलं पाणी जाईल. हे ऐकून मला आधी राग आला. माझा आजा नदी ओलांडायचा तेव्हा त्याला बाकीच्यांबरोबर डोंग्यात बसू देत नसत. शेवटच्या खेपेची वाट पाहत तो वाळूत बसायचा. आणि डोंगा वल्हवणारा ढिवरच असायचा. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता कशाला म्हटले ते असे आमच्या घाटावर दिसायचे. तुडवला जाणारा माणूस खालच्या पायरीवर पाय ठेवूनच उभा.

पण चार दिवसांनी राग ओसरला तेव्हा म्हाताऱ्याचे म्हणणे खोटे ठरवता येईना. ढिवर भटक्या जमातींच्या यादीत आहेत, जमीन त्यांच्याकडे कधी नव्हतीच, नदी होती तीही धरणाने घेतली. सोसायटीच्या ठेक्यावर त्यांची चूल आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर आपण माणूस म्हणून पाणी प्यालो. त्या हक्काचा दाखला देऊन ढिवराच्या ताटातला मासा उचलायचा का? नकाशा वाचता येतो म्हणून पाणी माझे होत नाही. तलाव-धरणांचा ठेका आणि उपजीविका यावर आपल्या कार्यकर्त्यांनी ढिवर-भोई संघटनांबरोबर बसून बोलले पाहिजे. मला त्याचे तयार उत्तर सापडलेले नाही. आमच्यापुरते आम्ही असे ठरवले की जाळे आणि मासा त्याचा, सोसायटीचा हिशेब त्याचा. शेताच्या दिवसांत होडी माझी. म्हाताऱ्याला जाऊन मी हे स्वतः सांगितले. तो काही बोलला नाही.

होडी घराबाहेर काढताना गल्लीच्या वळणावर अडकली. मग आठ जणांनी ती उलटी करून डोक्यावर घेतली. विहारातले तेच ज्येष्ठ कार्यकर्ते कट्ट्यावर बसले होते. म्हणाले, “बुद्धानं सांगितलं, नदी पार झाल्यावर तराफा डोक्यावर वाहू नका. तुम्ही तर पार व्हायच्या आधीच घेतला!” तेही उठून घाटापर्यंत आले. घाटावर सोबत्याने गंगामायला नारळ काढला. मी बावीस प्रतिज्ञांच्या घरचा, म्हणून बाजूला उभा राहिलो. त्याने फोडला, खोबरे सगळ्यांनी खाल्ले. मागच्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी येत होते, ते पुढच्या आठवड्यात पुन्हा एपॉक्सी भरून थांबवले.

पंधरा दिवस जाळे टाकून झाल्यावर सोबती माझ्याकडे आला आणि नकाशा मागितला. म्हणाला, नाव चांगली आहे, पण ज्यानं काढली त्यानं गळानं मासे मारले असतील, जाळं ओढलं नसेल. ओलं जाळं एका बाजूनं ओढलं की नाव त्या अंगाला लवते. बूड मधोमध तीन बोटं रुंद पाहिजे, आणि बसायची फळी पुढे नको, मागे पाहिजे. उभ्याने जाळे ओढताना पाय कुठे टेकतात ते त्याने जमिनीवर काडीने काढून दाखवले. त्या खुणा मी मापाने मोजल्या आणि नकाशावर लाल पेनने लिहिल्या, मिलिमीटरमध्ये आणि सुतातही.

दिवाळीनंतर दुसरी होडी घालतो आहोत. या खेपेला मिस्त्री म्हणाले की ते खुर्चीवर बसणार नाहीत. ज्यांना पाहायचे-शिकायचे आहे त्यांनी यावे, पहाटे चारला. येताना शिकंजे आणावेत, आमच्याकडे सहाच आहेत.